कळसूबाई, बी विंग

सोलापुरात डोंगर नाही.
पाटासारखी काळी जमीन आहे
आणि बंद गिरणीची एक चिमणी.
लहानपणी तिलाच आम्ही शिखर म्हणायचो.

पुण्याची मंडळी निघाली होती कळसूबाईला,
पायरीमागे देणगी.
गाडी, मुक्काम, टोपी, टी-शर्ट धरून
माणशी साडेतीन हजार.
मी हिशेब केला.
आम्ही चौघी गेलो असतो
तर ऑक्सिजन मशीनचं एक चाक डोंगरातच राहिलं असतं.
म्हणून डोंगरच इकडे आणला.

सोळाशे शेहेचाळीस मीटर.
आमच्या जिन्याची पायरी सतरा सेंटीमीटर;
विठोबण्णाच्या टेपनं मोजली, तो शिंपी आहे, चुकत नाही.
म्हणजे नऊ हजार सहाशे ब्याऐंशी पायऱ्या.
उतरणं धरायचं नाही.

अम्माला हा आकडा लगेच उमगला असता.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हजार झाले की दिवस संपला.
तिच्या दहा दिवसांएवढीच कळसूबाई.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पत्र्याच्या मापानं पान कापायची
आणि मग बोटं आपापली वळत राहायची,
ती माझ्या वहीत डोकावत असतानासुद्धा.
वाचता येत नव्हतं.
ओळ सरळ चाललीय का, एवढंच बघायची.

ब्रँचवर चेकर मूठभर उचलून बाजूला टाकायचा. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
म्हणून हजारावर रोज थोड्या जास्तीच्या वळायची.
जिना उतरताना माझ्या मनात तेच,
ही सगळी छाट.

तीन रविवार.
मनगटाला विडीचा दोरा, दर कट्ट्याला एक गाठ.
टॉवेलवाले येलदी शेठ गाठीमागे दहा रुपये देणार होते,
चाळीस गाठी झाल्यावर म्हणाले, वीस लिहा.
गुडघा दुसऱ्या रविवारी बोलायला लागला.
गच्चीवर टाकीच्या सावलीत घटकाभर टेकायचं:
खाली मागांची खडखड, पलीकडे तळं,
दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळताहेत.
अम्मा इथपर्यंत कधी आलीच नाही.
शेवटची चार वर्षं
तिला घराचा उंबराही चढ वाटायचा.

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मराठीत चालू म्हणजे अजून सुरू आहे.
दोन्ही शब्द तिच्या एकाच तोंडात राहिले
जन्मभर, भाडेकरूंसारखे.
सिव्हिलमध्ये शेवटच्या रात्री
मास्क जरा सरकवून ती म्हणाली, चालु.
वॉर्डबॉय म्हणाला, हो मावशी, चालू आहे,
आणि मास्क नीट बसवून गेला.
मला दोन्ही भाषा येतात.
मी तिथेच होते, पायाशी.
मी भाषांतर केलं नाही.

एकशे चौतीस फेऱ्या पुऱ्या झाल्या,
वर चौतीस पायऱ्या उरल्या.
शिखर लागलं ते असं, जिन्याच्या मध्येच,
दुसऱ्या मजल्याला दोन पायऱ्या कमी.
समोर बोद्दूलांचा चपलांचा स्टँड,
कोपऱ्यात उलटा ठेवलेला झाडू,
कुणाच्या तरी घरात शेंगाचटणी कुटली जात होती
आणि लसणाचा वास सोळाशे शेहेचाळीस मीटरवर येत होता.
तीनशे सत्त्याऐंशी गाठी. सात सुट्या.
मी कठडा धरून उभी राहिले.

बोद्दूलांच्या सुनेनं दार उघडलं,
झाला का अक्का डोंगर?
दम इतका लागला होता की एकच शब्द निघाला.
चालु.
तिला तो कुठल्या भाषेत ऐकू आला, विचारलं नाही.
ती पाणी आणायला आत वळली
आणि मी उरलेल्या दोन पायऱ्या चढले.
छाट निघाली तर असाव्यात.